पॅरा कमांडो व्हायचंय? नागपूर-विदर्भातल्या मुलांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भंडारा, गोंदिया, यवतमाळ, चंद्रपूरकडची मुलं नागपुरात खोली करून भरतीच्या तयारीला लागतात. त्यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात पॅरा सैनिकांची मरून रंगाची टोपी आधीच बसलेली असते. त्यांचे प्रश्न साधारण ठरलेले असतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. भरतीचे नियम दरवर्षी थोडेफार बदलतात. वय, गुण आणि तारखा अर्ज भरण्याआधी त्या वर्षीच्या अधिसूचनेत पुन्हा पडताळून घ्या.

पॅरा कमांडोची भरती कधी निघते?

निघत नाही. 'कमांडो' या पदाची जाहिरात भारतीय सैन्य कधीच काढत नाही. आधी सैनिक किंवा अधिकारी म्हणून भरती व्हायचं, मग स्वतःहून नाव द्यायचं, मग प्रोबेशन, म्हणजे निवडीचा खडतर चाचणीकाळ, पार करायचं, असा क्रम आहे. यातली एकही पायरी गाळता येत नाही. 'डायरेक्ट कमांडो भरती' असा फलक लावून कोणी पैसे मागत असेल तर तिथून सरळ बाहेर पडा.

पॅरा आणि पॅरा एसएफ एकच का?

नाही. पॅराशूट रेजिमेंट एकच, पण तिच्यात दोन प्रकारच्या बटालियन आहेत. ५, ६, ७ पॅरा या हवाई बटालियन. शत्रूच्या मागे मोठ्या संख्येने उतरून पूल, धावपट्टी, खिंड ताब्यात घेणं हे त्यांचं काम. १, २, ९, १०, २१ पॅरा वगैरे स्पेशल फोर्सेस, म्हणजे एसएफ. त्या छोट्या तुकड्यांनी काम करतात.

मरून टोपी आणि छातीवरचे पॅराशूटचे पंख दोघांनाही मिळतात. 'बलिदान' हा बिल्ला मात्र फक्त एसएफचा. लोक 'पॅरा कमांडो' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा त्यांच्या मनात एसएफच असतं.

यांचं नेमकं काम काय? रोज चकमकी होतात का?

कामाचा मोठा भाग दिसत नाही आणि दिसूही नये. शत्रूच्या हद्दीत शिरून दिवसेंदिवस लपून टेहळणी करणं, तोफखान्याला किंवा विमानांना लक्ष्य दाखवणं, नेमक्या ठिकाणी छापा घालून परत येणं, ओलिसांची सुटका, काश्मीर आणि ईशान्येतल्या दहशतवादविरोधी मोहिमा. यात गोळीबार काही मिनिटांचा असतो. त्याआधीची वाट बघणं आणि चालणं कित्येक तासांचं, कधी दिवसांचं.

दोन उदाहरणं शेजारी ठेवली की एसएफ आणि हवाई बटालियनच्या कामातला फरक कळतो. दोन्ही डिसेंबर १९७१ मधली. पूंछ भागात ९ पॅराच्या कमांडोंनी मंधोल इथे रात्री घुसून पाकिस्तानच्या १२२ मिलिमीटरच्या सहा तोफा उद्ध्वस्त केल्या आणि ते परत आले. हा झाला छापा. दुसरीकडे ११ डिसेंबरला २ पॅरा ही अख्खी बटालियन पूर्व पाकिस्तानात टांगाइलजवळ विमानांतून उतरली. तिने पुंगली पूल धरला आणि ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट अडवली. ही झाली हवाई बटालियनची कामगिरी.

ही २ पॅरा मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची बटालियन, आज ती एसएफ आहे. २१ पॅरा एसएफसुद्धा २१ मराठामधूनच १९९६ मध्ये घडली. मराठी मुलांनी हे माहीत करून घ्यावं असं आम्हाला मनापासून वाटतं. आपल्याकडे हा वारसा फार थोड्या घरांत सांगितला जातो.

कामठीत कमांडो ट्रेनिंग होतं, हे खरं का?

कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर आहे आणि एनसीसीच्या अधिकाऱ्यांची प्रशिक्षण अकादमी आहे. पॅराचं प्रशिक्षण तिथे होत नाही. रंगरूटांचं पॅराशूट रेजिमेंट ट्रेनिंग सेंटर बेंगळुरूला आहे. उडी आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकवतात, ती शाळा हवाई दल चालवतं. एसएफची प्रशिक्षण शाळा हिमाचलात बकलोहला. पुढे जंगलातल्या लढाईसाठी मिझोराममध्ये वैरेंगटे, बर्फासाठी गुलमर्ग, पाण्याखालच्या कामासाठी कोचीचं नौदल केंद्र.

मग नागपूरच्या मुलाने सुरुवात कुठून करायची?

जवान म्हणून जायचं असेल तर अग्निवीर जनरल ड्युटी. विदर्भातल्या बहुतेक जिल्ह्यांसाठी नागपूरचं आर्मी रिक्रूटिंग ऑफिस आहे. अर्ज फक्त सैन्याच्या 'जॉइन इंडियन आर्मी' या सरकारी संकेतस्थळावर. आधी संगणकावरची लेखी परीक्षा, ती पार केली तरच मैदानी चाचणी, मग वैद्यकीय, मग गुणवत्ता यादी. जनरल ड्युटीला दहावीत एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात किमान ३३ लागतात. महाराष्ट्रासाठी उंची १६८ सेंटिमीटर, छाती ७७ आणि फुगवून ५ सेंटिमीटर जास्त.

निवड झाल्यावर रेजिमेंट सैन्य ठरवतं. बेंगळुरूच्या पॅरा केंद्रात गेलात तर वाट सरळ होते. विदर्भातल्या मुलाला महार, मराठा किंवा गार्ड्स मिळाली तरी दार बंद होत नाही. कोणत्याही रेजिमेंटमधून, अगदी सिग्नल्स किंवा इंजिनिअर्समधूनही, पॅरासाठी स्वेच्छेने नाव देता येतं. युनिटची परवानगी, वैद्यकीय श्रेणी आणि प्रोबेशन एवढं मात्र लागतंच.

लेखी परीक्षेत मैदानवाली मुलं का अडकतात?

सहा महिने फक्त धावतात म्हणून. सामान्य ज्ञान, विज्ञान आणि गणित हा पेपरचा मुख्य भाग असतो आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. पाचवी ते दहावीची गणित-विज्ञानाची शालेय पुस्तकं नीट केली तरी बराचसा पेपर हाताखालून जातो. अंदाजाने पर्याय निवडायची सवय इथे महागात पडते.

१६०० मीटर साडेपाच मिनिटांत कसे बसवायचे?

सगळ्यांत वरचा गट साडेपाच मिनिटांचा, त्याला ६० गुण. म्हणजे ३३० सेकंदांत ४०० मीटरच्या चार फेऱ्या, एका फेरीला साडेब्याऐंशी सेकंद. हा आकडा पायांत बसला पाहिजे.

बहुतेकांचं गणित पहिल्याच फेरीत चुकतं. शिट्टी वाजली की शेकडो मुलं सुसाट सुटतात, पहिली फेरी ७० सेकंदांत होते आणि तिसरीत पाय शिशासारखे जड होतात. पहिली ८०-८१, मधल्या दोन ८३-८४ आणि शेवटची जे उरलंय ते सगळं ओतून, अशी धाव जास्त जणांना पार नेते.

दुसरी चूक बाहेरून पळण्याची. आतल्या रेषेपासून दोन मीटर बाहेरून पळालात तर प्रत्येक फेरीला सुमारे साडेबारा मीटर जास्त होतात, चार फेऱ्यांत पन्नास. तेवढ्याला या वेगाने दहा सेकंद लागतात, आणि दहा सेकंदांत गट बदलतो. गर्दीत वळणावर ओलांडू नका, सरळ पट्ट्यावर ओलांडा.

सरावाला आठवड्यातून एकदा ४०० मीटरच्या सहा ते आठ फेऱ्या ८० सेकंदांनी, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. एकदा ८ ते १० किलोमीटर सावकाश, बोलता येईल इतक्याच वेगाने. एकदा चढाव, त्यासाठी सेमिनरी हिल्सचा रस्ता उत्तम. उरलेल्या दिवशी हलकं. रोज १६०० मीटर जीव तोडून पळणारा मुलगा दोन महिन्यांत नडगी धरून बसतो.

मैदानाचाही विचार करा. मानकापूरच्या सिंथेटिक ट्रॅकवरची वेळ मातीवर मिळत नाही. भरती मातीवर असेल तर शेवटचा महिना मातीवरच पळा.

बीमवर (आडव्या दांड्यावर) काढलेले दहा पुल-अप का मोजले जात नाहीत?

कारण त्यांतले चार अर्धे असतात. हनुवटी दांड्याच्या वर गेली पाहिजे आणि खाली येताना कोपर पूर्ण सरळ झालं पाहिजे. पाय मारून किंवा झोका घेऊन काढलेला मोजत नाहीत. दहाला ४० गुण, सहाला १६. ज्याला चारच जमतात त्याने एका दमात पाचव्यासाठी झगडू नये. दिवसभरात सहा-सात वेळा दोन-दोन काढावे, आणि शेवटी स्टुलावरून वर चढून पाच सेकंद मोजत हळूहळू खाली यावं. सहा-आठ आठवड्यांत फरक दिसतो. नऊ फुटांचा खड्डा ओलांडणं आणि बॅलन्स (अरुंद पट्टीवरून तोल राखत चालणं) यांना गुण नाहीत, पण ते पार करावेच लागतात.

नागपूरच्या उन्हात सराव करावा का? अंग कणखर होतं म्हणतात.

एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४५ च्या आसपास जातो. त्या उन्हात दुपारी पळणं हा कणखरपणा नाही, त्याने जीव जातो. सकाळी सहाच्या आत धाव संपवा. घामाने गणवेश पांढरा पडत असेल तर नुसतं पाणी पुरत नाही. ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात घालून घ्या, अर्ध्या ग्लासात नाही. लघवी चहासारखी गडद झाली, चक्कर आली, घाम थांबून अंग तापलं, बोलणं तुटक झालं, तर ताबडतोब सावली, अंगावर गार पाणी, वारा आणि दवाखाना. 'थोडं थांबून बघू' इथे चालत नाही.

पाठीवर वजन घेऊन कधी पळायचं?

भरतीआधी शक्यतो नाहीच. भरतीत वजन नसतं आणि कोवळ्या हाडांना त्याची घाई नसते. रेजिमेंटमधून प्रोबेशनला नाव देणार असाल तेव्हा तीन-चार महिने आधी सुरू करा. पाच किलोपासून, दर आठवड्याला फार तर दीड-दोन किलो वाढवत, आणि पळत नाही तर झपझप चालत. डांबर टाळा. वजन पिशवीत वर, पाठीच्या हाडाला चिकटून बसवा. खाली लोंबणारं वजन कंबर खाऊन टाकतं.

नडगीत सगळीकडे पसरलेलं दुखणं विश्रांतीने जातं. बोटाने दाबल्यावर एकाच जागी कळ येत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर हाडाला तडा असू शकतो. एक्स-रे सुरुवातीला साफ दिसतो, म्हणून तेवढ्यावर विसंबू नका, हाडांच्या डॉक्टरला दाखवा.

वैद्यकीयमध्ये सगळ्यांत जास्त मुलं कशात जातात?

गुडघे एकमेकांना लागणं, सपाट तळवे, कानातला मळ किंवा पडद्याला छिद्र, नाकाचं वाकलेलं हाड, मूळव्याध, हायड्रोसील, पायावरच्या फुगलेल्या शिरा, रंग न ओळखता येणं. यांतल्या काही गोष्टी आधी उपचार करून सुटतात, काही नाही. म्हणून तयारीला लागण्यापूर्वीच एखाद्या चांगल्या डॉक्टरकडून तपासून घ्या. रंगांधळेपणा निघाला तर दोन वर्षं मैदानावर घालवण्याआधी तो कळलेला बरा.

गोंदण फक्त कोपर ते मनगट हाताच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या मागच्या बाजूला चालतं. गडचिरोली, मेळघाटातल्या आदिवासी मुलांना परंपरेच्या गोंदणासाठी सूट आहे. ती आपोआप मिळत नाही, जमातीचा दाखला सोबत लागतो.

कागदपत्रांत काय चुकतं?

नावाचं स्पेलिंग. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक, आधारवर दुसरं, वडिलांचं नाव कुठे पूर्ण तर कुठे अर्धं. गुणपत्रिकेप्रमाणे आधार दुरुस्त करा, उलट नाही. अधिवास आणि जातीचे दाखले सेतू केंद्रातून काढायला आठवडे लागतात, भरतीच्या तोंडावर धावपळ नको. चारित्र्य प्रमाणपत्र जुनं चालत नाही, अधिसूचनेतली मुदत बघा. एनसीसीचं प्रमाणपत्र असेल तर त्याचे जादा गुण मिळतात.

प्रोबेशनमध्ये असतं तरी काय?

हवाई बटालियनसाठी साधारण तीन महिने, एसएफसाठी साधारण सहा. सामान घेऊन वेगाने कूच, १० किलोमीटरपासून ४० किलोमीटरपर्यंत वाढत जाणारं. रात्रीचा नकाशा आणि होकायंत्र. हत्यारं, स्फोटकं, प्रथमोपचार, संदेशवहन. झोप तोडून घेतलेल्या चाचण्या, त्यांतली ३६ तासांची ताणाची चाचणी सर्वांच्या तोंडी असते. या काळात मुलगा केव्हाही 'मला परत जायचंय' म्हणू शकतो आणि प्रशिक्षकही त्याला केव्हाही परत पाठवू शकतात.

बाहेरून वाटतं की इथे सर्वांत ताकदवान मुलगा टिकतो. तसं नाही. जिममध्ये कमावलेलं अवजड शरीर लांब पल्ल्यात आधी थकतं. मध्यम बांध्याचा, पाय जपणारा, झोप नसतानाही नकाशावरची आकडेमोड न चुकणारा मुलगा पुढे जातो. प्रशिक्षक आणखी एक गोष्ट बारकाईने बघतात. स्वतः अर्धमेला झालेला असताना हा सोबत्याचं ओझं उचलतो की नजर चुकवतो? चार-सहा जणांच्या तुकडीत शत्रूच्या मुलखात जायचं असतं, तिथे नजर चुकवणारा कोणालाही नको असतो.

बाहेर पडण्याची खरी कारणं बरीच साधी असतात. टाचेवरचा फोड लपवला आणि तो पिकला. नवे बूट तसेच घातले. पाणी वेळेवर प्यायलं नाही. पोहता येत नव्हतं. फोडाचं बघा: टाच गरम लागायला लागली की तिथेच थांबून टेप लावायची, मोजा सरळ करायचा, ओला असेल तर बदलायचा. दोन मिनिटांचं काम. लाजेपोटी ते टाळलं की चार तासांनी मोजा सालीसकट निघतो.

पोहणं तर आत्ताच शिका. तरणतलावात, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली. अंबाझरी किंवा फुटाळ्यात उतरून नाही.

उडीची भीती वाटते. ती कशी शिकवतात?

भीती सगळ्यांनाच वाटते आणि प्रशिक्षण ती गृहीत धरूनच आखलेलं आहे. आग्र्याला आधी जमिनीवर घोटून घेतात: विमानाच्या दाराच्या नमुन्यातून बाहेर पडणं, उंच मनोऱ्यावरून हार्नेसमध्ये उडी, आणि शेकडो वेळा जमिनीवर पडणं. मग पाच उड्या, त्यांतली एक रात्री. त्या पार केल्या की पंख.

या उड्या साधारण १२५० फुटांवरून होतात. पॅराशूटची पट्टी विमानातल्या तारेला अडकवलेली असते आणि बाहेर पडताच ते आपोआप उघडतं. पुढे पोटावर राखीव छत्री असते. बाहेर पडल्यावर सेकंद मोजायचे, मान वर करून छत्री पूर्ण उघडली का बघायची, मग आजूबाजूला. दोऱ्यांना पीळ बसला असेल तर दोन्ही बाजूंचे पट्टे हातांनी फाकवायचे आणि सायकल मारल्यासारखे पाय मारायचे, पीळ सुटतो. दुसऱ्याच्या छत्रीच्या थेट वर गेलात तर खालची छत्री तुमची हवा चोरते आणि तुमची छत्री मिटायला लागते. म्हणून बाजूला सरकत राहायचं.

सगळ्यांत जास्त दुखापती जमिनीवर पोचताना होतात. पावलं आणि गुडघे घट्ट जुळलेले, गुडघे किंचित वाकलेले, हनुवटी छातीला. आधी चवडे, मग पोटरीची बाजू, मांडी, कुल्ला, पाठीची बाजू, असं अंग लोळवत नेलं की धक्का वाटला जातो. चूक होते ती शेवटच्या काही फुटांत: मुलगा खाली बघतो, जमीन अंगावर धावून आल्यासारखी वाटते, तो पाय ताठ करतो किंवा हात पुढे टाकतो. घोटा नाहीतर मनगट गेलं. नजर क्षितिजावर ठेवायची, हे म्हणूनच पुन्हा पुन्हा ओरडून सांगतात.

खूप उंचावरून स्वतः छत्री उघडायच्या उड्या हे पुढचं, वेगळं प्रशिक्षण. ते नंतर, निवडक जणांना.

अधिकारी म्हणून जायचं असेल तर?

बारावीनंतर एनडीए किंवा पदवीनंतर सीडीएस. दोन्ही केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षा आणि नागपुरात केंद्र असतं. एनडीएला लेखी ९०० गुण (गणित ३००, सामान्य क्षमता ६००) आणि एसएसबी (सैन्याच्या निवड मंडळाची) मुलाखत ९०० गुण. मुलाखत पाच दिवस चालते. अकादमीतून बाहेर पडताना पॅराचा पर्याय देता येतो, पुढे अधिकाऱ्यालाही जवानासारखंच प्रोबेशन.

महाराष्ट्र शासनाची छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था दहावीनंतर एनडीएची तयारी करून घेते. सीडीएस आणि एसएसबीच्या तयारीसाठी नाशिक रोडला छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. विदर्भातून तिथे जाणारी मुलं आजही कमी आहेत, आणि याची आम्हाला खंत वाटते. खेड्यातल्या मुलाची धाव असते, इंग्रजीची भीती असते, आणि माहिती मिळेपर्यंत वय उलटून जातं. आठवी-नववीतल्या मुलाच्या पालकांनी हा परिच्छेद जपून ठेवावा.

मुलींना संधी आहे का?

पायदळ आणि पॅरा एसएफ आज मुलींसाठी खुलं नाही. सैन्यातल्या वैद्यकीय आणि इतर शाखांतल्या महिला अधिकारी पॅरा युनिटसोबत काम करतात आणि उडीचं प्रशिक्षण पूर्ण करून पंख मिळवतात. १९५९ मध्ये हवाई दलातल्या डॉक्टर गीता घोष यांनी ही वाट उघडली.

धोनी पॅरा कमांडो आहे का?

तो प्रादेशिक सेनेच्या १०६ पॅरा बटालियनचा मानद लेफ्टनंट कर्नल आहे आणि २०१५ मध्ये त्याने आग्र्याला उड्या पूर्ण करून पंख मिळवले. प्रादेशिक सेना हा नोकरी-धंदा सांभाळून सेवा करण्याचा वेगळा मार्ग आहे. तिची दुसरी पॅरा बटालियन, ११६, आपल्या देवळालीला आहे.

गडचिरोलीचे सी-६० हेच का ते?

नाही. सी-६० हे गडचिरोली पोलिसांचं पथक, १९९० मध्ये स्थापन झालेलं. त्याची वाट पोलीस भरतीतून जाते. स्थानिक भाषा आणि जंगल जाणणं ही त्यांची मोठी ताकद. सीआरपीएफचे कोब्रा, नौदलाचे मार्कोस, हवाई दलाचे गरुड, हेही सगळे वेगळे. गडचिरोली-चंद्रपूरच्या ज्या मुलाला आपल्याच भागात कमांडोचं काम करायचंय, त्याने सी-६० चा विचार जरूर करावा. ती दुय्यम निवड नाही.

पगार किती?

अग्निवीराला पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, त्यातले २१,००० हातात. चौथ्या वर्षी ४०,०००. शेवटी सेवानिधी, म्हणजे साठलेली एकरकमी रक्कम. चार वर्षांनंतर नियमित सेवेत किती जणांना घेणार, याची मूळ मर्यादा २५ टक्के. पॅराच्या वाटेवर केंद्रातलं प्रशिक्षण, प्रोबेशन आणि उडी यांतच सव्वा-दीड वर्ष निघून जातं, हे धरून चला. सातव्या वेतन आयोगानंतर स्पेशल फोर्सेस भत्ता जवानांना महिना १७,३०० आणि अधिकाऱ्यांना २५,००० असा ठरला होता.

प्रोबेशनमधून परत पाठवलं तर नोकरी जाते का?

नाही. दुसऱ्या युनिटमधून आलेला जवान आपल्या युनिटला परत जातो, त्याची सेवा चालू राहते. बेंगळुरूहून एसएफच्या प्रोबेशनला गेलेल्याला हवाई बटालियनमध्ये किंवा इतरत्र पाठवलं जातं. दुखापतीमुळे परत आलेल्याला बरं झाल्यावर पुन्हा नाव देता येऊ शकतं, आणि त्यासाठी जखमेची नोंद वेळेवर झालेली असणं गरजेचं असतं. म्हणून घोटा मुरगळला तर दडवू नका, त्याच दिवशी एमआय रूममध्ये (युनिटच्या दवाखान्यात) दाखवून कागदावर आणा.